सौरपंपाची सुस्ती

तलमडुगूच्या आमच्या शेतातून डिझेल हद्दपार करायचं, असं मी ठरवलं आणि करूनही दाखवलं! इंजिन धडधडलं की धुरानं माझं सहा महिन्यांचं पोर खोकायचं, आणि त्याच्या प्रत्येक खोकल्याला मला घाम फुटायचा. मामाजींपुढं, म्हणजे सासऱ्यांपुढं, बी.एस्सी.चं सगळं फिजिक्स ओतलं, तेव्हा कुठं सौरपंप बसला.

पहिल्या दिवशी पाणी असं उसळलं, जसं दाव्याचं वासरू सुटलं! दुसऱ्या दिवसापासून पोराला कडेवर घेऊन मी स्वतः देखरेखीला जाऊ लागले. आणि धार बसली! जणू कोणी तांब्यानं तुळशीला पाणी घालतंय.

“सूर्याले बी सुस्ती आली का सूनबाई?” मामाजी म्हणाले. “मंगळवारपर्यंत वांग्याच्या शेवटच्या सरीत पाणी नाही पोचलं, तं इंजन परत सुरू करीन!”

आमचे हे म्हणाले, “आपल्या एका जिल्ह्याचे चार झाले ना आता! आपली फाईल चुकून आसिफाबादच्या गठ्ठ्यात गेली असंल. कागद पक्के नाही, म्हणून पंप हळू ठेवला त्यायनं!”

आणि मी, बी.एस्सी., यावर विश्वास ठेवला! दोन जिल्ह्यांना दोन अर्ज लिहिले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मीठ-मिरच्या ओवाळून पंपाची दृष्ट काढली. धार तशीच!

“एक पाह्यलं का?” मामाजी म्हणाले. “सूनबाई घरी गेली का पाणी वाढते!”

मला रडूच आलं.

मंगळवारी मामाजी इंजिनावरची ताडपत्री सोडत होते, तेवढ्यात पंप कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं ना पंप उघडला, ना तारा पाहिल्या. सरळ पॅनलांपुढं जाऊन उभा राहिला.

“अम्मा, ये किसके हैं?”

पॅनलांवर ओळीनं चौदा लंगोट वाळत होते! पॅनलांची तोंडं नाल्याकडं, म्हणून बांधावरून कोणाला दिसले नव्हते. पण थंडीत वाळवायचे तरी कुठं? कुंपणाला काटे, जमिनीवर मुंग्या. काच कशी गरम, स्वच्छ! कोणत्याही आईला हेच सुचलं असतं!

“धूप पॅनल को चाहिए, अम्मा!”

लंगोट उचलले मात्र, पाणी धावत सुटलं ते थेट शेवटच्या वांग्याच्या बुडाशी! मामाजींनी ताडपत्री पुन्हा बांधली. आठ दिवसांत इंजिन विकलंही.

आता गावोगावचे लोक पंप पाहायला येतात. मामाजी छाती फुगवून सांगतात, “डिझेल नाही, धूर नाही, कटकट नाही. फक्त शिकलेली सून जराशी दूर ठेवा लागते!”

मी मान डोलावते. पोर खोकत नाही ना, मग कशाला बोला!