सरळ पायांचे भूत

ओसरीच्या मधोमध कांताबाईंची पांढरी साडी उभी होती. साडीला दोन भोके होती, आणि त्या भोकांतून दोन निळे डोळे मोठ्या आशेने कांताबाईंकडे पाहत होते.

"छान दिसते का?" साडीने विचारले.

वामनराव मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ती साडी साधी नव्हती. दर ऑक्टोबरात चांद्याच्या दीक्षाभूमीवर जाताना कांताबाई ती नेसत. एरवी वर्षभर ती ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात निजून असे. आदल्या दिवशी आयलीनने पांढरे कापड मागितले, तेव्हा पाहुणीला विहारात वंदनेला यायचे असावे, या आनंदात त्यांनी स्वतःच्या हाताने ती काढून दिली होती. कात्री दिली नव्हती. ती आयलीनने शोधून काढली.

आयलीन आयर्लंडची. सावली गावाभोवतीच्या जुन्या तलावांचा अभ्यास करायला आलेली आणि मास्तरांच्या मागच्या खोलीत राहणारी. १९८७ची दिवाळी सरून आठवडा झाला होता. बांधाबांधांवर धान पिवळे होऊन वाकले होते, आणि आयलीनला आपल्या गावचे लवकर अंधारणारे ऑक्टोबर आठवत होते. तिकडे या महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मुले भुते होऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. "घरची फार आठवण येते," हे ती इतक्या हळू म्हणाली, की मास्तरांच्याने नाही म्हणवले नाही. सकाळीच तिने एक कोहळे, म्हणजे लाल भोपळा, पोखरून त्यावर दात कोरले होते. ओट्यावर बसून ते आता साऱ्या गल्लीला हसत होते.

"भूत झाले ना मी?"

"झाली ना बाई, झाली," कांताबाई म्हणाल्या. या घरातून कुणी उपाशी गेले नाही आणि कुणी दुखावून गेले नाही, एवढीच त्यांची इस्टेट होती. नवऱ्यावर मात्र त्यांनी अशी नजर टाकली, की त्याने उगाच खिसा चाचपला. मग कोहळ्यातून निघालेला गर उचलून त्या गोड बोंडे तळायला आत गेल्या.

"आम्ही दारात म्हणतो, 'खाऊ द्या, नाहीतर त्रास देऊ,'" आयलीन म्हणाली. "इथे कसे म्हणू?"

मास्तर दचकले. भूत नसते, हे पोरांना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. भुताचे त्यांना भय नव्हते. पण शेजारच्या देवरावभाऊंसारख्या वडीलधाऱ्याला, त्याच्याच दारात उभे राहून धमकी? त्यांनी वाक्याची धार बोथट केली, वर थोडे आर्जव चोपडले आणि तिच्याकडून ते घोकून घेतले: "काही खायले असन त द्या जी. लय उपकार होतीन."

दिवेलागणीला भूत निघाले.

पुढचे मास्तरांना सगळ्यांकडून एकदमच कळले. भुताचे पाय उलटे असतात, म्हणून पलीकडच्या घरच्या सुगंधाबाईंनी दार उघडताच आधी पाय पाहिले. ते सरळ होते, आणि इतके गोरे पाय तालुक्यात एकाच बाईचे होते. मग त्या भुताने हात जोडले आणि पाठ केलेले वाक्य म्हटले. सुगंधाबाईंचा पदर तोंडाकडे गेला.

भूत परत आले ते मिरवणूक घेऊनच. सुगंधाबाईंच्या हाती भाताचे पातेले होते, देवरावांच्या हाती वरणाचा डबा, आणि गल्लीतल्या लटारूच्या बगलेत एक जिवंत कोंबडी.

"कांता," सुगंधाबाई चार घरांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "अडचण होती त सांगाचं होतं ना वं. पाहुणीले कायले दारोदार पाठवाचं?"

"पगार अटकला का, मास्तर?" देवराव हळहळले. "अन् बिचारीच्या अंगावर लुगडं त पाहा. भोकं पडले!"

कांताबाई हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आल्या. "कोण म्हंते आमच्या घरी खायले नाई?"

"हेच म्हंते," लटारूने भुताकडे बोट केले. "हात जोडून म्हणे, बाप्पा! माह्या बायकोच्या डोयात पाणी आलं."

"कांताबाई," भूत आनंदाने म्हणाले, "कुणालाच त्रास द्यावा लागला नाही!"

शेजाऱ्यांनी भांडी ओट्यावर ठेवली आणि मयताच्या घरून निघावे तसे पाय न वाजवता ते निघून गेले. कोंबडी तेवढी राहिली.

"आयलीनबाई, हे बोलणं कोणं शिकवलं तुले?"

"वामनभाऊंनी. मला पूर्ण पाठ आहे."

"अन् तुयं खरं वालं काय होतं?"

आयलीनने सांगितले. कांताबाई नवऱ्याकडे वळल्या. "मंग हेच काऊन नाई शिकवलं जी?"

"अवं, मोठ्या माणसायले धमकी कशी द्याची?"

"धमकी द्याले लाजले, अन् माही इज्जत घरोघर वाटून आले!"

मास्तरांनी कोहळ्याकडे पाहिले. ते अजून हसत होते.

परक्याचे भांडे रिकामे परत करणे त्या घरात होत नसे. कांताबाईंनी वरण-भात आपल्या भांड्यांत ओतला, पातेले आणि डबा घासला आणि दोन्ही गरम बोंडांनी काठोकाठ भरले. मग आयलीनच्या अंगावरची साडी ओढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून सोडली. भोके नेमकी जागेवर बसली. त्यांतून आता दोन काळे डोळे पाहू लागले, आणि त्यांत कसलीही आशा नव्हती.

"म्या थोडं बदलवलं, बाई," साडी आयलीनला म्हणाली. "'बोंडं खा, नाईतर त्रास देतो.' बराबर हाये ना?"

आयलीनने टाळ्या वाजवल्या.

"अवं कांता, कुठी चालली?" मास्तर उठले. "लोकं काय म्हणतीन?"

भरलेली भांडी घेऊन पांढरी आकृती पायऱ्या उतरली. भूत नसते, हे उभे आयुष्य शिकवलेल्या वामनरावांनी नकळत तिचे पाय पाहिले. ते सरळ होते, आणि सरळ सुगंधाबाईंच्या दाराकडे निघाले होते.

"कांता," त्यांनी मागून हाक दिली, "वापस येशीन ना?"

साडी थांबली नाही की वळली नाही. बोंडांचा वास मागे ठेवून ती अंधारात अंधुक होत गेली.