शेवंता माणूस विकते

शेवंता घोडीने यंदाच्या चैत्री बाजारात आपल्या मालकाला विकायचं ठरवलं, आणि तसं तिने रंगनाथराव खरबड्यांना सकाळी खराऱ्याच्या वेळीच सांगून टाकलं.

रंगनाथराव तेव्हा तिच्या पाठीवरून खरारा फिरवत होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. प्रत्यक्षात खरारा पाठीच्या एकाच बाजूने फिरत होता, कारण दुसऱ्या बाजूला जायचं तर घोडीला वळसा घालावा लागतो, आणि वळसा घालायचा तर आधी उजव्या गुडघ्याची समजूत काढावी लागते. ती काढण्याचा त्यांना त्या दिवशी कंटाळा आला होता. आदल्या दिवशीही आला होता.

"विकायचं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे बाजारात नेऊन विकायचं," शेवंता म्हणाली. "तुम्ही मला आणलंत ना, तसंच."

"माझं काही चुकलं का?"

शेवंता विचार करून बोलणारी घोडी होती. "चुकलं असं नाही म्हणणार मी. पण तुमच्याकडून काम होत नाही. चंदी भिजवायची राहते. लीद दुपारपर्यंत तशीच असते. मला फिरवायला न्यायचं तर तुम्ही फाटकापर्यंत येता आणि म्हणता, शेवंता, आजच्या दिवस तू एकटीच जाऊन ये. मी रोजच आजच्या दिवस जाऊन येते."

 रंगनाथरावांनी खरारा उलटा केला आणि त्यात अडकलेले केस काढायला घेतले.

त्या भागात ही गोष्ट नवलाची नव्हती. मागच्या सालीच मधल्या वस्तीवरच्या अबलख घोड्याने त्याचा मालक विकून त्याच्या जागी दोन धट्टेकट्टे भाऊ आणले होते, आणि आता त्याच्या तबेल्यात जेवायला बसावं इतकी स्वच्छता असते, असं लोक सांगत. रंगनाथरावांनीही तेव्हा चावडीवर बसून अबलखाची तरफदारी केली होती. ऐतखाऊ माणसाला कोण पोसणार, असं ते मोठ्याने म्हणाले होते. आपल्याबद्दल आपण बोलतोय हे त्यांना तेव्हा कळायला हवं होतं, पण तेवढं लक्ष देऊन ते स्वतःचं बोलणं कधीच ऐकत नसत.

ओढ्याकाठी त्यांचं लहानसं रान, पत्र्याचा तबेला आणि कडुनिंबाखाली स्वयंपाकाची चूल. गयाबाई, त्यांची बायको, भाकऱ्या थापत होत्या. रंगनाथरावांनी जाऊन बातमी सांगितली.

"मला पण इकणार हाय का?" गयाबाईंनी विचारलं.

"न्हाई. तू राहणार हायेस म्हनली."

"मग काय न्हाई," म्हणत त्यांनी भाकरी उलटली.

"काय न्हाई म्हंजे? नवरा चाललाय तुझा."

"आवं, मी गेले तर हितलं कोन बघंल? तुमी?" गयाबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी पदराने झाकलं. मग त्या जरा गंभीर झाल्या. "बाजाराच्या दिशी आंघूळ करून जावा. मळकं मानूस कुनी हातात धरत न्हाई."

"कुनी धरूच नये मला!" रंगनाथराव म्हणाले आणि ओसरीच्या कडेला जाऊन बसले.

त्यांना जायचं नव्हतं. शेवंता शिंगरू असताना याच बाजारातून त्यांनी तिला आणलं होतं. विकणाऱ्याने भाव उतरवावा म्हणून त्यांनी चारचौघांत तिच्या टाचांना, कानांना, शेपटीला नावं ठेवली होती, आणि रस्त्याला लागल्यावर गाव येईपर्यंत तिची माफी मागितली होती. तेव्हापासून सकाळी उठलं की ती त्यांच्या मानेत नाक खुपसून उबदार श्वास सोडायची, आणि मगच त्यांचा दिवस सुरू व्हायचा. तो श्वास नसेल तर दिवस सुरू कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. या वयात ते शिकायची त्यांची तयारीही नव्हती.

तेव्हा त्यांनी युक्ती काढली. बाजारात लंगडायचं. लंगडं माणूस कोण घेतंय? कुणी घेतलं नाही की संध्याकाळी शेवंताला आपल्याला घरी आणावंच लागेल. युक्तीत खोटेपणाही फारसा नव्हता. गुडघा दुखायचाच. फक्त तो जेवढा दुखायचा त्याहून थोडा अधिक दुखतो असं ते बरीच वर्षं सांगत आले होते.

बाजाराच्या दिवशी शेवंताने त्यांच्या गळ्यात सैलसा दोर घातला आणि दोराचं टोक तोंडात धरून निघाली. मागून गयाबाई भाकरीचं फडकं आणि नवऱ्याची पिशवी घेऊन आल्या. मैदानावर कर्णा ओरडत होता, "माणसं विकायला आणलेल्या जनावरांना विनंती, आपापली माणसं झाडाखाली बांधावीत. रस्त्यात बांधू नयेत. माणसांना पाणी दाखवून घ्यावं." शेवंताने एका बाभळीला दोर गुंडाळला. शेजारच्या बाभळीला नेमके बाबासाहेब उगले बांधलेले होते. उगल्यांचं आणि रंगनाथरावांचं तालमीत असल्यापासून पटत नव्हतं.

"तुमी पन का?" उगले म्हणाले.

"मी नुसता बघायला आलोय," रंगनाथराव गळ्यातल्या दोराखाली खाजवत म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारी, तांबूस रंगाची घोडी. तिने रंगनाथरावांचा ओठ नाकाने वर केला आणि दात पाहिले.

"हे याचे स्वतःचे नाहीत," ती म्हणाली.

"वरचे नाहीत," शेवंताने कबूल केलं. "खालचे आहेत."

मग म्हातारीने टोपी उडवून टाळूची पाहणी केली. "दोन भोवरे. असला माणूस दावणीला दुसरं जनावर आणून बांधतो."

रंगनाथरावांनी आयुष्यभर बाजारात घोड्यांच्या अंगावरचे भोवरे बघून नाकं मुरडली होती. हा भोवरा धन्याला खातो, तो घर बुडवतो, असं ते छातीठोकपणे सांगत आणि भली भली जनावरं नापास करत. टाळूवर दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं होणार, असं त्यांना शाळेत मुलं चिडवायची. त्यांचं एकच झालं आणि तेही गयाबाईंनी निभावून नेलं म्हणून टिकलं. हे त्यांनी म्हातारीला सांगायचा प्रयत्न केला, पण विकायला आणलेल्याने मधे बोलायची पद्धत नव्हती.

"चालवून दाखव," म्हातारी शेवंताला म्हणाली.

रंगनाथराव लंगडले, आणि मन लावून लंगडले. मधे एकदा चुकून डावा पाय ओढला गेला, पण त्यांनी लगेच दुरुस्ती केली. म्हातारी निघून गेली. तिच्यामागे आलेले दोघे घोडे लांबूनच वळले. शेवंताची मान खाली गेली. रंगनाथरावांना तिची दया आली आणि त्याच वेळी मनातून उकळ्याही फुटल्या. संध्याकाळी घरी जायचं, मानेत नाक खुपसून घ्यायचं, आणि उद्यापासून लीद अगदी वेळेवर उचलायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात हौशा आला. पांढराशुभ्र घोडा, वरातींत मानाने चालणारा, बोलायला अदबशीर. त्याने रंगनाथरावांचं लंगडणं शेवटपर्यंत पाहिलं.

"बिचारा," तो हळूच म्हणाला. "ऐन उमेदीतही काही फारसा नसणार."

मग तो उगल्यांकडे वळला. उगल्यांना त्यांच्या घोड्याने एक फेरी मारायला लावली. पोट पुढे, उगले मागे, अशी ती दुडकी सुरू झाली आणि भोवतीची जनावरं माना डोलावू लागली. "चाल बघा चाल," कुणीतरी फुरफुरलं. उगल्यांनी वळताना रंगनाथरावांकडे पाहून डोळा मिचकावला.

पुढे जे झालं ते रंगनाथरावांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते त्यांच्याकडून झालं. त्यांनी धोतराचा काचा मारला, दोर हिसडून सोडवला आणि धाव घेतली. मैदानाला मोठा वळसा घातला. उगल्यांना मागे टाकलं. पाण्याच्या हौदापाशी वळताना पाऊल असं काही नाचवलं, की खोगिरं विकणारी माणसं हातातलं काम सोडून उभी राहिली. गुडघा दुखत होता, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला होती? ते पुन्हा एक फेरी मारायच्या बेतात होते, पण दम संपला. बाभळीपाशी येऊन त्यांनी छाती फुगवली आणि उगल्यांना विचारलं, "काय?"

 उगले शेवंताकडे बघत होते.

शेवंता आणि हौशा यांनी एकाच झुलीखाली तोंडं घातली होती. सौदा असा झाकूनच करतात, म्हणजे भाव बाहेर फुटत नाही. झूल थोडी हलली, थांबली, पुन्हा हलली. मग दोघांनी तोंडं बाहेर काढली.

"कितीला गेलो?" रंगनाथरावांनी गयाबाईंना विचारलं. या घडीलाही त्यांना ते जाणून घ्यायचं होतं.

"इचारू न्हाई असलं," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी पुढे केली आणि जरा घुटमळल्या. "गुडघ्याचं त्याल घातलंय ह्यात. ऱ्हाऊ दिऊ का काढू?"

रंगनाथरावांना त्यांच्याकडे बघवेना. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

शेवंता जवळ आली. "तुम्हाला पळता येतं," ती म्हणाली.

"हो."

"घरी कधी पळाला नाहीत."

कारणं सांगण्यात रंगनाथरावांचा हात कुणी धरला नसता. पण त्या घडीला एकही सुचलं नाही, म्हणून जे खरं होतं तेच तोंडातून गेलं. "मला वाटलं, तू काय, आहेसच."

 शेवंताच्या कानांवर माशा बसल्या होत्या, त्या तिने उडवल्या नाहीत.

"मला घरी यायचंय, शेवंता."

"तोंड झुलीखाली घालून शब्द दिलाय," ती म्हणाली. "आता फिरवता येणार नाही."

रंगनाथराव रडायला लागले. भर बाजारात, कर्ण्याच्या खाली, उगल्यांच्या देखत. लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटेना. त्यांना फक्त ती घोडी हवी होती.

हौशाने घसा साफ केला. "ही खोड आधी सांगितली नव्हती," तो शेवंताला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण सौदा म्हटला की विचारावं लागतं.

"खोड नाही ती."

"मग काय आहे?"

शेवंताने रंगनाथरावांच्या मानेत नाक खुपसलं आणि एक लांब श्वास सोडला. मग जमिनीवर पडलेलं दोराचं टोक उचलून तिने हौशाच्या तोंडात दिलं.

"ते तसे आहेत," ती म्हणाली. "सकाळी असं करावं लागतं त्यांना. नाहीतर त्यांचा दिवस सुरू होत नाही."