हवामानाची माफी मागणारे गेनूनाना

रेडिओवरचा हवामानाचा अंदाज चुकला, की आमच्या शिनोलीत गेनूनाना घरोघर माफी मागत फिरायचे. खोटं न्हाई सांगत. रेडिओ म्हणला "हवामान कोरडं राहील" अन् दुपारी पडला पाऊस, की सांजच्याला नाना टोपी सारखी करत दारात हजर.

"भाऊ, आज चुकलं बरं का आमचं."

आमचं म्हंजे वेधशाळेचं! नानांनी वेधशाळा कवा डोळ्यानं बघितली नव्हती.

"तुमचं काय चुकलं, नाना? ढग काय तुमी राखायला व्हता?"

"तसं न्हाई. गावात सांगितलं तर मीच व्हतं ना?"

मग आमची मंडळी च्या टाकायची. एकदा तिनं पत्र्यावर टाकलेल्या कुरडयांची पावसानं लापशी झाली. तवा नानांनी तिची माफी मागितली, दोन कप च्या प्याले, अन् जाता जाता त्या कुरडयांनाबी हात जोडले. अंदाज बरोबर आला, की मात्र नाना कुनाच्या दारात दिसायचे न्हाईत.

मी तवा घोडेगावास्नं भीमाशंकरपर्यंत जीपचं वडाप करायचो, शिटा भरून माणसं न्यायचो. शाळेत मी गेलो एकदाच, तेबी गुरुजींची शेळी शोधायला. रस्त्यावरचे बोर्ड वाचता येत नव्हते, म्हणून वळणं पाठ केलेली. वेधशाळा म्हणली पाऊस, की मी वायपर काढून घरी ठेवायचो. पाऊस तर येनार न्हाईच, मग उगं स्टँडवर चोरीला नकोत!

नाना समजवायचे, "अरं, अंदाज हाय तो, शपथ न्हाई. आन् इमानवाले त्यांना इचारल्याबिगर चाक उचलत न्हाईत. तुझी जीप काय इमानापरीस मोठी लागून गेली?"

"मोठीच हाय. इमानाच्या टपावर माणसं बसत्यात का?"

यावर नानांनी टोपी सारखी केली. तेवढं ज्ञान त्यांच्याकडंबी नव्हतं.

एकदा आषाढात साखरपुड्याची माणसं वर डोंगरातल्या गावाला न्यायची व्हती. माणसं गच्च बसली, मी सेल मारला, अन् नाना बोनेटपुढं आडवे झाले. काखंत रेडिओ, डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ.

"आज घाटात लई मोठा पाऊस सांगितलाय. गाडी न्यायची न्हाई."

"सरका, नाना. सांजच्याला या माफी मागायला. च्या ठिवतो."

"येईन. हज्जार वेळा येईन. पर आज जाऊ नको."

माणसं हसाय लागली. हसली न्हाई ती फकस्त नवऱ्या पोराची आत्या. ती पदर खोचून खाली उतरली अन् म्हणली, "साखरपुडा उद्याबी व्हईल. नवरदेव वाहून गेला तर अंगठी कुनाला घालायची, मला?"

ती उतरली तसं समदेच उतरले. आता मला लोक म्हणत्यात, शहाण्यागत तूबी थांबलास. कसला शहाणा! मी एकटाच निघालो व्हतो, पर ती गाडी खालून धा माणसांनी ढकलल्याबिगर चढ चढत नव्हती. शिव्या देत उतरलो.

दुपारी वर घाटात दरड आली. निम्मा रस्ता खाली गेला. आमच्या वाटंवर त्या दिवशी माणूस नव्हतं, म्हणून कुनाचं नखबी दुखावलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी समदा गाव नानांची वाट बघत व्हता. आत्यानं साखरंचा पुडा आणलेला. सांज झाली, नाना काय आले न्हाईत. मंडळी म्हणली, "आवो, बघून तरी या, म्हातारं आजारी हाय का."

गेलो. नाना चुलीपुढं बसलेले. एकटाच जीव.

"काय नाना, आला न्हाईत?"

"कसा येऊ? आमचं काल बरोबर आलं ना." काटकीनं इस्तव सारत म्हणले, "चुकलं की येता येतं बघ. माणसं बसा म्हणत्यात. बरोबर आल्यावर कुनाच्या दारात काय म्हणून जाऊ?"

मी नानांच्या चुलीपुढं बसलो. आयुष्यात पयल्यांदाच!

नानांनी च्या केला. कप एकच निघाला, तो मला दिला, अन् स्वतः वाटीत घेतला. "नानी गेल्यापासनं पावणं कुनी येत न्हाई इकडं," म्हणले.

मी म्हणलं, "नाना, उद्या काय सांगितलंय?"

"उघडीप हाय. दुपारनं थोडी भुरभुर."

"मग सकाळी गाड्या सुटायच्या आदी स्टँडवर येऊन सांगायचं. तुमी सांगितल्याबिगर मी सेल मारनार न्हाई. बाकीचे डायवरबी न्हाई मारनार, मी बघतो. अन् आमच्या मंडळीला गोधड्या वाळत घालायच्यात, तिलाबी इचारायचंय."

नानांनी वाटी खाली ठिवली. खुंटीवरची टोपी घेतली, रेडिओ काखंत मारला.

"सकाळी कशाला? आत्ताच येतो की! उद्याचं आजच सांगितलेलं बरं असतं."