तिसऱ्या मजल्यावरचं तळं

"डोंगर कितीही उभा असो, पाण्याला मी मांडी घालून बसायला लावीन!"

करी रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून बुधाजी घाड्यांनी ही घोषणा केली. ऐकायला त्यांची बायको मालन आणि गावाहून आलेला धाकटा भाऊ लवू, एवढेच होते. पण आवाज असा, की समोरच्या गिरणीच्या भोंग्यानं लाजावं! भोंगा मात्र त्या दिवशी गप्प होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, गिरणीतले साचे बंद होते. आणि बुधाजींसारख्या साचेवाल्याच्या हातांना काम नसलं, की ते डोंगर हलवायला निघतात.

घाड्यांचं घर देवगडकडच्या एका उभ्या उतारावर. अंगणाच्या बाजूनं व्हाळ, म्हणजे ओढा, धावत खाली जायचा. शिमग्यापर्यंत तो आटला, की म्हातारी आई घागर घेऊन पार पायथ्याच्या विहिरीवर. लवू तेच सांगायला आला होता.

"दादा, आयेच्यान आता घागर चढवक होना नाय. तू तिका हय घेवन ये."

"ती येते म्हणते का?"

"खंयची! देवाक दिवो कोण लावतलो, म्हणता."

बुधाजींनी मागं वळून खोलीत नजर टाकली. आईला तिच्या देवापासून उठवून या दहा बाय बाराच्या खोलीत आणायचं? त्यापेक्षा घराच्या वरच्या अंगाला व्हाळच अडवू! तळं करू! आई परसात उभी राहून कळशी भरील!

लवू मान डोलवेना. "उभ्या उतारार तळा? पयल्याच पावसात घराक घेवन खाली जायत! आज सांजेक माझी बोट. तेच्याआधी माका पटलां, तर गावकारांका घेवन कामाक लागतंय. नायतर आयेक पुढच्या बोटीन धाडतंय."

आता बुधाजी म्हणजे कीर्तनाचे वेडे. भोईवाड्याच्या देवळात बुवांनी चिपळी वाजवली, की हे पहिल्या रांगेत, डोळे मिटून. नुकतंच गंगावतरणाचं आख्यान झालेलं. ते म्हणाले, "अरे, शंकरानं स्वर्गातून कोसळणारी गंगा डोक्यावर अडवली! मला एक व्हाळ अडवता येऊ नये?"

आणि ते प्रात्यक्षिकाला लागले.

चाळीचा दगडी जिना हा डोंगर. मोरीचा नळ हा व्हाळ. जिन्याच्या वळणावर जो सपाट टप्पा असतो, तिथं तळं! शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून उरलीसुरली शाडू आली. लवूनं कोपरापर्यंत हात भरवून मातीचा बांध घातला.

मालन म्हणाली, "अहो, नळाचं पाणी जिन्यात? शेजारी काय म्हणतील?"

"पुण्य लागेल त्यांना!"

रबरी नळी लावली, व्हाळ सुटला. गॅलरीत ही गर्दी जमली! पाणी पायरी पायरी उतरलं, बांधाला टेकलं, चढू लागलं. बांध हलेना. तिथं खरंच तळं दिसू लागलं! लवूचा चेहरा उजळला. "धरल्यान रे दादा!"

बुधाजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात गजर केला, "पुंडलिक वरदे...!"

हाऽऽरि विठ्ठल म्हणेपर्यंत बांध गेला.

नेमका त्याच वेळी गॅलरीतले काळे बावटे उतरवायला एक हवालदार जिना चढत होता. शाडूची गंगा थेट त्याच्या अंगावर उतरली! पिवळी टोपी होडीसारखी खालच्या मजल्याकडे निघाली.

"कोण रे तो? दगड संपले म्हणून आता चिखल?"

वर गर्दीला वाटलं, लाठीमार सुरू झाला. एकच आरोळी उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" हवालदारानं मातीनं भरलेले हात पाहिले आणि लवूची मानगूट धरली. "चल चौकीवर!"

"सायबानू, माझी बोट!"

बुधाजी धडपडत खाली आले. "हवालदारसाहेब, धरायचं तर मला धरा. तो गेला नाही तर आमच्या आईची घागर सुटायची नाही. हे आंदोलन नाही हो, तळं आहे. फुटलं."

"तिसऱ्या मजल्यावर तळं?"

मग सगळी हकीगत झाली. मालननं हवालदाराला तोंड धुवायला तांब्या दिला आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही आख्यान अर्धंच ऐकलंत! गंगा जटेत शिरली म्हणताच तुम्ही टाळ्या सुरू केल्या. बुवांनी पुढं सांगितलं ना, देवानं तिला कोंडून ठेवलं नाही. एक बट सैल केली, तेवढीच धार घेतली."

तिनं बोट दाखवलं. जिन्याच्या टप्प्यावर कडेची एक फरशी खचलेली होती. एवढा लोंढा गेला, पण त्या खळग्यात पाणी शांत बसलं होतं.

लवू उकिडवा बसून बघत राहिला. "म्हणजे व्हाळ आपल्या वाटेन जांवदे. बाजूक खड्डो मारायचो, बारीक पाट काढून पाणी घ्यायचा, भरलो की उरलेला परत व्हाळात. दादा, ह्या जमतला!"

"जमलं ना?" हवालदार टोपी पिळत म्हणाला. "मग जिना कोण धुणार?"

लवू बोटीवर गेला. बुधाजींनी खराटा घेतला. पायरी घासता घासता त्यांच्या मनात येत होतं, देवाची गोष्ट आपल्या सोयीची असते तिथवरच आपण ऐकतो. तो सोडायला शिकवतो, तेव्हा आपले डोळे मिटलेले असतात.

गावात तळं झालं. पावसात तगलं, उन्हाळ्यात टिकलं. बुधाजींनी देवापुढं साखर ठेवली. आईचं घर राहिलं!

आणि त्यानंतरच्या पहिल्याच बोटीनं आई वळकटीसकट दारात हजर!

"पाण्याचो घोर मिटलो रे बाबा! लवूचा लगीन झाला, दिवो आता तेची बायल लावता. म्हटलां, जरा बुवांची कीर्तनां आयकूया."

किती दिवस, हे विचारायची बुधाजींची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोरीकडे गेले, तर आई कळशी घेऊन नळाच्या रांगेत, पार शेवटी उभी. लेकाला बघताच कडाडली,

"बुधग्या, मेल्या, तळा थंय गावाक कित्याक बांधलंस?"