बासरी सुरेल होती
(विनोदी कथा)

एफएमवर गाणं लागलं की रेडिओ सेटच्या इवल्याशा पडद्यावर गाण्याचं आणि कलाकाराचं नाव सरकत जातं. ते आपोआप येतं असा लोकांचा समज आहे. आपोआप कसलं डोंबल! आमच्या केंद्रात त्यासाठी स्वतंत्र माहिती-पट्टी विभाग आहे. त्याचा प्रमुख, लेखनिक आणि टेबल पुसणारा, सगळं मीच. पट्टी तीन दिवस आधी मंजूर होते. मंजूर झाली की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

त्या मंगळवारी सकाळी थेट प्रक्षेपणात बासरीवादन होतं. ऐन वेळी बासरीवाल्यांचं नाक चोंदलं. केंद्राने धावपळ करून माझ्या ताईला गायला बोलावलं. ताई अकरा वर्षं आवाजाच्या चाचण्या देत होती. आता कुठे नशीब उघडलं होतं. घरी आई सेटसमोर ठाण मांडून बसली. मी साहेबांकडे धावलो.

"साहेब, पट्टीवर बासरीवादन आहे. बदलू?"

"बासरीवादकांचा अर्ज आहे? आपण बासरी वाजवत नसल्याचा?"

"ते घरी वाफ घेताहेत हो! आणि इथे माइकसमोर माझी बहीण उभी आहे."

"अहो, आवाज हवेत विरून जातो. नोंद राहते. बहिणीला सांगा, शब्द जरा कमी ठेवा."

ताई ऐकेल तर शपथ! काय गायली म्हणून सांगू! काचेपलीकडे माझा ऊर भरून आला आणि पडद्यावर आपलं 'बासरीवादन, बासरीवादन' चाललेलं.

अर्ध्या तासात श्रोत्यांचे संदेश आले. 'बासरी सुरेल होती.' 'बासरीतून शब्द इतके स्पष्ट प्रथमच ऐकले.' एका जाणकाराची तक्रार होती की वादनात मधेमधे कुणी बाई गात होत्या, त्यांना आवरा. साहेबांनी तत्काळ दखल घेऊन ताईवर केंद्रात गायला पाच वर्षं बंदी घातली. बासरीवाल्यांना मानपत्र मिळालं. चोंदलेल्या नाकाने त्यांनी ते स्वीकारलंही.

आम्ही घरी पोचलो तर आई फणकारली, "बासरी बरी झाली. पण मेल्यांनी माझ्या पोरीला वेळच दिला नाही!"

"अगं आई, तीच गात होती! आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला की! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग पडद्यावरचं वाचलं. म्हटलं, नाही बाई, ही आपली नसणार."

ताई आत गेली, नळ सोडला आणि ढसाढसा रडली.

माझ्याने राहवेना. घडलं तसं सगळं लिहून मी तक्रार म्हणून वर्तमानपत्राकडे पाठवलं. संपादकांचा आत्ताच फोन आला होता. सज्जन माणूस. म्हणाले, एक अक्षरही बदलणार नाही, फक्त वर 'विनोदी कथा' एवढं टाकतो.

तेव्हा आईच्या बोलण्यावर तुम्हाला हसू आलं असेल, तर तुमचा काही दोष नाही. तुम्हीही वरचं वाचलं होतं.