मडक्याचे डोहाळे

"जावयबापू, तुमाला खोटं वाटेल. सगळ्या नागावात आजवर कुणाला खरं वाटलं न्हाय. पन तुमच्या सासूच्या पोटाला माडीचं मडकं बांधून मी मुंबई फिरून आलोय!"

दिनानाथने एवढं वाक्य टाकलं आणि जावयाकडे न बघता पानाला चुना लावायला घेतला. जावई चंदर ओटीवर अवघडून बसला होता. दाराआड गोदू, दिनानाथची लेक, सातवा महिना लागल्यामुळे माहेरी आलेली. तिला डोहाळे लागले होते मुंबईच्या केकचे. चिंच नको, कैरी नको, आवळा नको. शेजारच्या नीराबाईने भावाकडे भायखळ्याला खाल्लेल्या केकचं असं काही वर्णन केलं होतं, की गोदूला झोपेतही त्याचाच वास येई. चंदर भेटायला चौलहून आला, तेव्हा तिने त्याला साफ सांगितलं होतं, "एक दिस बोटीनं न्या, पोटभर खाऊ घाला आनि परत आना. न्हायतर बोलू नका माझ्याशी."

न्यावंसं चंदरलाही वाटत होतं. पण लोक!

"बायकोला बिस्किटं चारायला मुंबईला गेला म्हनतील," तो सासऱ्यापाशी कुरकुरला. "चौलातली पोरं माझ्यामागं बैलासारखी हंबरतील."

"बरोबर हाय," दिनानाथ म्हणाला. "पुरुषमानसाला मुंबईला जायाला काम लागतं. मला व्हतं. ऐका."

तर ते एकोणीसशे वीस साल असेल. दिनानाथ तेव्हा जवान गडी, दिवसाकाठी वाडीतले सगळे माड चढून माडी उतरवणारा. मुंबईत धोबीतलावावर मिंगेल नावाचा एक गोवेकर पाववाला होता. त्याचं पीठ माडीवर फुगायचं, आणि मुंबईतल्या माडीत माडीपेक्षा नळाचं पाणीच जास्त. त्याचे पाव इतके चपटे व्हायला लागले, की गिऱ्हाइकं ते पाचरीसारखे दाराखाली सारून दार अडवायची. त्याने निरोप धाडला, "नागावची एक मडकं माडी आण. पीठ फुगलं तर परवाना काढून रोजची माडी तुझ्याकडून."

रोजची माडी म्हणजे दिनानाथच्या घरावर कौलं चढली असती. पण पहिलं मडकं बिनपरवान्याचं, आणि धक्क्यावर अबकारीचा हवालदार. सापडलं तर माडांचा परवाना जाणार, मग माडावर चढायचं ते नुसतं वारा खायला. दिनानाथने रात्रभर विचार केला आणि पहाटे बायकोला, सगुणाला म्हणाला, "पोट पुढं कर."

मडकं काथ्याच्या बुचाने गच्च बंद केलं, पोटाला बांधलं, वरून नऊवारी. बोटीत चढताच बायकांनी जागा करून दिली. मनुबाई नावाच्या एका म्हातारीने पोट निरखून निकाल दिला, "पोरगा हाय." मग हात लावून बघितला आणि दचकली. "अगं बाय, पोट किती थंडगार!"

"दर्याच्या वाऱ्यावर निजते ना," सगुणा म्हणाली.

धक्क्यावर हवालदाराने नाक वर केलं. "माडीचा वास येतोय."

"साहेब, धंदाच त्यो. अंगात मुरलाय."

"तुझ्या नाही, बाईच्या अंगाला येतोय."

सगुणाने तोंडाला पदर लावला आणि हवालदाराच्या बुटांकडे बघून ओकारीची एक मोठी उबळ काढली. हवालदार उडी मारून बाजूला झाला. "जा, जा! आधी हिला कुठंतरी बसव!"

आता सरळ धोबीतलाव गाठायचा की नाही? पण मुंबईतही पोटुशीचे डोहाळे मोडण्याचं पाप कुणाला नको होतं. पहिल्याच भट्टीपाशी सगुणा थबकली आणि आतून मालकाने गरम नानकटाई आणून हातावर ठेवली. "खा बेन, पेटमां बाळक छे." पुढे कोपऱ्यावरच्या इराण्याने संगमरवरी टेबलाशी बसवून बनला बोटभर मस्का लावून दिला. त्याच्या पलीकडे खारी. खारीचा चुरा पदरावर सांडला तोही तिने वेचून खाल्ला. मग जिऱ्याची बिस्किटं. आणि मग काचेच्या कपाटातला केक, पिवळाधमक, वर मनुका. त्याचा घास तोंडात जाताच सगुणाने डोळे मिटले ते उघडेचनात.

"चल गं, ऊन चढलं!"

"थांबा. हे पोरगं अजून मागतंय."

"कसलं पोरगं? मडकं हाय ते!" दिनानाथ तिच्या कानात ओरडला.

मडक्यालाही आता ते पटेनासं झालं होतं. उन्हाने आतली माडी चढत होती. पोटातून गुडगुड आवाज यायला लागला. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "लई उचापती पोर दिसतंय." बुचाच्या बाजूने फेसाचा एक बुडबुडा फुटला, तसा दिनानाथने सगुणाला दंडाला धरून पळवली. सातव्या महिन्यातली बाई ट्रामच्या पुढे धावताना बघून रस्त्यातली माणसं नवऱ्याला शिव्या घालत होती.

मिंगेलच्या भट्टीत शिरले तोवर मडकं फुरफुरत होतं. मिंगेल लाकडी काथवटीत पीठ तिंबत होता. "सायबा देवा! हिला सुईणीकडे ने, माझ्याकडे काय?"

"माडी..." एवढंच दिनानाथ म्हणाला, आणि फाट! बूच नऊवारीतून निघालं, आढ्याला लागलं, आणि माडीचं कारंजं थेट काथवटीत पडलं.

पुढचं सांगताना दिनानाथ नेहमी उभा राही. आजही राहिला. पीठ आधी उसासलं. मग काठाला आलं. मिंगेलने वर फळी ठेवली, फळीवर स्वतः बसला. पीठ त्याला घेऊन वर गेलं. त्याचं डोकं कौलांना टेकलं, तेव्हा त्याला आनंदाने ओरडताही येईना, कारण तोंडात कौल! पीठ दाराबाहेर आलं, रस्त्यात उतरलं, ट्रामच्या रुळांवर पसरलं. ट्रामवाला घंटा बडवतोय, पीठ काही बाजूला होत नाही. शेवटी उन्हानेच ते तिथल्या तिथे भाजलं, आणि उतारूंनी ट्राममधून उतरून आपापल्या पुढ्यातला पाव खाऊन वाट मोकळी केली.

"आनि रोजची माडी?" चंदरने विचारलं. तो आता अवघडून नाही, पुढे सरकून बसला होता.

"ठरली की तिथल्या तिथं! बगा वर, कौलं हायत का न्हाय?"

चंदरने वर बघितलं. कौलं होती. मग तो जरा घुटमळला. "पन मामा, येताना धक्क्यावर त्योच हवालदार असंल. सकाळचं पोट कुठं गेलं, इचारलं न्हाय त्यानं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत दिनानाथला कुणी विचारला नव्हता. त्याने पान या गालातून त्या गालात नेलं.

"रिकामं कशाला आनीन? पोटाला पाव बांधले! हवालदार म्हनला, बाईचं पोट सकाळपेक्षा मोठं दिसतंय. मी म्हनलं, साहेब, मुंबईचं पानी!"

आतून सुपाचा आवाज थांबला. सगुणा दारात येऊन उभी राहिली.

"पाव बांधले म्हनं! मडकंच न्हवतं तर पाव कशाला बांधतील? पोटात ही गोदू व्हती. मला केक खावासा वाटला, म्हनून ह्यांनी एक दिस माड सोडले, मला बोटीत बसवलं नि उन्हातान्हात हाताला धरून एकेक दुकान फिरवलं. परत येताना वाडीतली मानसं धक्क्यावर दिसली, तवा ती हसतील म्हनून ह्यांनी हे मडकं रचलं. जावयबापू, सकाळची बोट लवकर सुटते. तुमी आता मडकं शोधत बसू नका!"