उमेदीची कविता

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कवितास्पर्धेला विषय होता 'उमेदीचं म्हातारपण'. निवृत्त परिचारिका असलेल्या काकूंनी तो मनावर घेतला. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी ऐकली, आता चार ओळी आपल्या. बोटं दुखत, म्हणून त्या फोनला तोंडी कविता सांगू लागल्या. फोन ऐकेल ते लिहून घेई.

"आयुष्याची सांजवेळ ही, सोनेरी तिची आभा," एवढं सांगून काकूंनी मान वर केली, तर काका डुगडुगत्या स्टुलावर उभे राहून माळा उपसत होते.

"अहो, उतरा आधी. काय शोधताय?"

"मुलाचा पोहण्याचा चष्मा. उद्यापासून पोहायला शिकणार आहे मी."

"ह्या वयात?"

"मग कधी?"

"आणि बुडलात तर मी भांडू कुणाशी?"

काका गुपचूप उतरले. आता पुढचं काही सुचायचं नाही म्हणून काकूंनी रागारागाने 'पाठवा'वर बोट दाबलं, आणि कविता होती तशी संघाकडे गेली. एकच तर ओळ, पाठ आहे ती, आता काय वाचायची, असं म्हणून त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही.

स्पर्धेच्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्या कविता स्वतःच वाचायला घेतल्या. गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल, आवाज धीरगंभीर. "आयुष्याची सांजवेळ ही, सोनेरी तिची आभा. अहो, उतरा आधी."

काकूंनी काकांना कोपराने ढोसलं. "अहो, ते आपलं भांडण वाचतायत."

"कुठलं?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

सभागृहात खसखस पिकली. 'मग कधी?'ला तर टाळ्याच पडल्या. पण 'मी भांडू कुणाशी?' या शेवटच्या ओळीला अध्यक्षांनी कागद खाली केला आणि हसणं आपोआप थांबलं. मागच्या रांगेत एकट्याच बसणाऱ्या बाई रुमाल शोधू लागल्या.

"पहिला क्रमांक," अध्यक्ष म्हणाले. "पहिली ओळ तेवढी ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. बाकी अस्सल."

पुढच्या आठवड्यात संघाने आणखी एक कविता मागितली. काकू फोन घेऊन बसल्या. काकांनी टीव्ही बंद केला, खिडकी लावली आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसले. खोकलासुद्धा त्यांनी गिळला.

पण काकूंना एक ओळ सुचेल तर शपथ.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "असे शहाण्यासारखे बसू नका. काहीतरी करा ना."